आमची वाटचाल : गिरणीच्या वरची खोली

दारव्ह्याजवळ आमच्या गावात पिठाची गिरणी आहे, तिच्या वरच्या खोलीत 2015 ला मी आणि माझ्या मित्रानं काम चालू केलं. दोन जुने लॅपटॉप, आरटीएल-एसडीआरचे दोन डोंगल (यूएसबीला लावायचे स्वस्त रेडिओ रिसीव्हर), छपरावर तांब्याच्या तारेचा घरी केलेला अँटेना, बस. जीएनयू रेडिओ म्हणजे कॉम्प्युटरवर रेडिओ सिग्नल हाताळायचं मोफत सॉफ्टवेअर, त्यातला एकेक काम करणारा तुकडा म्हणजे ब्लॉक; असे कस्टम ब्लॉक लिहून द्यायचे हा धंदा, आणि गावातले लोक रेडिओ दुरुस्तीला आणून ठेवायचे. पहिली दोन-अडीच वर्षं कामं येत गेली, करत गेलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग जिनिंगवाले काका आले. त्यांच्याकडे कापसाच्या गंजीत खुपसायचे वायरलेस तापमान सेन्सर होते, 433 मेगाहर्ट्झचे. रिसीव्हर जळालेला, बनवणारी कंपनी बंद. ओला कापूस आतून कसा तापतो हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. आम्ही सिग्नल रेकॉर्ड केला, एकेक बिट वहीत उतरवला. एफएसके निघाला, म्हणजे 0 आणि 1 साठी दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी, बिट मांडायची पद्धत मँचेस्टर कोडिंग, शेवटी चूक पकडणारा सीआरसी. फ्रिक्वेन्सीतला बदल काढून देणारा क्वाड्रेचर डिमॉड ब्लॉक तयारच मिळतो, त्याच्या पुढं फ्रेम, म्हणजे एक अख्खं पॅकेट, पकडणारा ब्लॉक आम्ही सी प्लस प्लस मधे लिहिला. खाली गिरणीचा स्टार्टर दाबला की नॉइज फ्लोअर (मागच्या खरखरीची पातळी) उसळायचा आणि नसलेली पॅकेटं सापडायची, म्हणून थ्रेशोल्ड, म्हणजे सिग्नल कशाला मानायचं ती मर्यादा, आपोआप वरखाली करणारा एक व्हेरिएबल ठेवला. पार्टनरनं त्याला नाव दिलं गिरणी_फ्लोअर. हे नाव लक्षात ठेवा.

2018 च्या सीझनला आम्ही जवळजवळ बुडालो. रेकॉर्ड केलेल्या फाइलवर सगळं बरोबर चालायचं, जिनिंगमधे मात्र रीडिंग गायब व्हायचे. एक गंजी तापली आणि स्क्रीनवर काहीच नाही, हमालाच्या हाताला चटका बसला म्हणून कळलं. काका म्हणाले, "पोट्टेहो, मशीन खोटं बोलते का तुमी?" पेमेंट थांबलं, खोलीचं चार महिन्यांचं भाडं थकलं, पार्टनर पुण्याला नोकरीवर गेला. मी त्याला दोष देत नाही, घरी बहिणीचं लग्न होतं.

चूक साधी होती आणि आमचीच होती. ब्लॉकचं खरं काम करणारं फंक्शन म्हणजे वर्क, जीएनयू रेडिओ त्याला पुन्हा पुन्हा कॉल करतं; त्याला दरवेळी किती सँपल (सिग्नलची मोजलेली मापं) मिळतील याचा भरवसा नसतो. फाइलमधून मोठे तुकडे यायचे, डोंगलकडून बारके आणि कमीजास्त. अर्धं पॅकेट या कॉलला, अर्धं पुढच्या कॉलला आलं की आमची बिट मोजणी शून्यावर, कारण ती लोकल व्हेरिएबलमधे ठेवली होती, कॉल संपला की ते पुसलं जातं. क्लासची मेंबर केली आणि पॅकेटं यायला लागली. ही एक ओळ शोधायला मला अकरा रात्री लागल्या. नवीन पोरांनो, टेस्ट करताना इनपुट मुद्दाम वेडेवाकडे तुकडे करून द्या, आणि वर्कच्या आत प्रिंट टाकून ठेवू नका.

त्याच काळात शहरातली एक फर्म काकांकडे गेली, खेड्यातल्या पोरांवर कशाला विसंबता म्हणे. काकांनी त्यांचं कोटेशन आणून माझ्या टेबलावर ठेवलं. "मले माणूस बदलाचा नाही, तू तेवढं नीट करून दे." तो कागद अजून ड्रॉवरमधे आहे.

पुढं जीएनयू रेडिओच्या 3.8 आवृत्तीला ब्लॉकचं वर्णन लिहायचं एक्सएमएल जाऊन वायएएमएल आलं, 3.9 ला सी प्लस प्लस पायथनला जोडणारं स्विग जाऊन पायबाइंड11 आलं, दोन्ही वेळा सगळे ब्लॉक पोर्ट केले, ते होऊन गेलं. पण 2021 ला एका दुसऱ्या जिनिंगनं मला बोलावलं, त्यांचा डिकोडर बंद पडला होता, त्याच फर्मनं बसवलेला. सोर्स उघडला तर चौथ्या फंक्शनमधे गिरणी_फ्लोअर. त्या शहरी ऑफिसखाली कुठली आली गिरणी? आमचा कोड जीपीएलमधे (खुल्या सॉफ्टवेअरचं एक लायसन्स) आहे, वापरा, विका, आमची ना नाही. पण वरची कॉपीराइटची ओळ पुसून तिथं स्वतःचं नाव टाकायचा हक्क जीपीएल कोणालाच देत नाही. मी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. वकिलाची फी परवडणारी नव्हती.

मॉडटूल, म्हणजे जीएनयू रेडिओचं नवीन ब्लॉकचा सांगाडा बनवणारं टूल, त्यात कॉपीराइटच्या नावाची जागा न भरता राहू शकते, ती त्याच दिवशी भरत जा, आम्ही पहिली दोन वर्षं भरतच नव्हतो. आता भरतो, आणि त्या गंजीच्या डिकोडरच्या हेडरमधे (फाइलच्या वरच्या ओळींत) पार्टनरचं नाव माझ्या आधी आहे. तो पुण्याहून दिवाळीला आला की गिरणीवरच बसतो, आणि स्टार्टर दाबला की दोघं आधी वॉटरफॉलकडे, म्हणजे स्क्रीनवर सरकत जाणाऱ्या सिग्नलच्या चित्राकडे बघतो.