प्रार्थना रोज करतो, पैसेही मागतो

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं बसून लिहितो, कारण रविवारी उपासना सुटल्यावर गेटजवळ गाडी काढता काढता सांगण्यासारखं हे नाही, आणि तिथं मी जे बोलतो ते मी घरी पोचायच्या आत वेगळंच होऊन परत माझ्याच कानावर येतं. प्रश्न एकच आहे. "रोज पहाटे उठून प्रार्थना करता आणि सख्ख्या मावसभावाच्या दारात दिलेले पैसे परत मागायला जाता, हे कसं बसतंय ओ?" चर्चच्या मंडळीतले लोक आवाज खाली करून विचारतात, सोयरे हसत हसत विचारतात, आणि उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला माझा जुना शेजारी, जो वारीला जातो, तो तोंडावर विचारतो, "तुमच्यात तर सगळं माफ असतंय ना?" त्याचा मला राग येत नाही. राग येतो तो मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय, ऋण सोडायची प्रार्थना आहे तो, ज्यांना तोंडपाठ आहे त्यांचा.

कोण, किती, कशासाठी, हे तुम्हाला माहीत आहे. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे लोक बेळगावात आले तेव्हापासून आपली तीच तीच घराणी एकमेकांत सोयरिकी करत आलीत, त्यामुळं कॅम्पात कुणी शिंकलं तर खानापुरात कळतं. तरी एक गोष्ट हा किस्सा सांगताना सगळे गाळतात म्हणून सांगतो. ते पैसे व्याजानं लावलेले नव्हते. उद्यमबागेतली माझी कारखान्याची शेड बंद केली तेव्हा लेथ आणि मिलिंग मशीन विकून जे आले त्यातले ते अडीच लाख. फेब्रुवारी २०२१ मध्ये, बँकेतून, मावसभावाच्या टेम्पोसाठी. लॉकडाऊनमध्ये त्याचं काम गेलेलं, इथनं भाजी भरायची आणि चोर्ला घाटातून गोव्याला टाकायची असा विचार होता, विचार चांगलाच होता, आणि त्यानं मागायच्या आधी मीच म्हणालो की घे. वर्षात देतो म्हणाला. वर्ष गेलं, टायर आले, इन्शुरन्स आला, पोरीची अ‍ॅडमिशन आली, पैसे काही आले नाहीत. मग फोन उचलायचा बंद झाला.

आता प्रार्थनेचं. लोकांना वाटतं मी तास तास गुडघ्यावर असतो. तसं काही नाही. बायको दूध तापायला ठेवते तेव्हा मी मागच्या खोलीत बसतो, एक स्तोत्र, शुभवर्तमानातला एखादा भाग, मग नावं. ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नावं लिहिलेली आहेत, कोण आजारी, कुणाची परीक्षा, कोण दुबईला, कोण नोकरीविना. त्याचंही नाव आहे. रोज घेतो. काय मागतो ते पण सांगतो, आता लपवून काय करू, त्याच्या टेम्पोला भाडं मिळू दे असं मागतो. आणि हे त्याच्यासाठी मागतो की माझ्या अडीच लाखांसाठी मागतो, हे मला खरंच सांगता येत नाही. बायको म्हणते देवाला कळतं. देवाला कळतं हीच तर अडचण आहे.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायावरून मला फार ऐकवलं जातं. राजानं एका चाकराचं प्रचंड कर्ज सोडलं आणि त्या चाकरानं बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. गंमत अशी की तरुण संघात असताना याच भागावर मी संदेश दिलेला, हात उडवून उडवून, की शंभर दिनार म्हणजे काय, चिल्लर! लोकांना फार आवडलेलं. आज त्या पोराला, म्हणजे तेव्हाच्या मला, समोर बसवून हिशोब करायला लावीन मी. त्याच मत्तयात विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक दिनार मिळतो. मग शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी झाली. आज हेल्परला दिवसाचे सहाशे धर, साठ हजार झाले. साठ हजार चिल्लर काय रे? तू कधी कुणाला दिलेस का साठ हजार? आणि राजानं सोडलं ते दहा हजार टॅलंट, एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, ते कुणाच्याच्यानं फिटणारं नव्हतं हे मान्य, पण म्हणून दुसऱ्याचं देणं खोटं होत नाही. त्यानं ते घेतलेलं होतं.

यावर तो पोरगा म्हणतो, पण काका, येशूनं रक्कम किती ते सांगितलं, आणि तरीही सोडायलाच सांगितलं ना? साठ हजार असले म्हणून काय, उलट त्यामुळं तर ते जड जातं. मी म्हणतो, मी गळा नाही धरला, कागद धरला. तो म्हणतो, फरक सांगा.

फरक आहे. निदान मला वाटतो. सदतिसाव्या स्तोत्रात दुर्जन उसनं घेतो आणि परत करत नाही असं साफ लिहिलंय, जक्कय नावाच्या जकातदारानं फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हटलं, हे कुणी जाऊन माझ्या मावसभावाला विचारत नाही. देणाऱ्यालाच बायबल लागू, घेणाऱ्याला नाही, असं झालंय. बरं, लूकच्या सहाव्यात परत मिळायची आशा न धरता उसनं द्या असंही आहे. ते माझ्या बाजूचं नाही, आणि पुढच्या रविवारी तुम्ही ते काढणारच म्हणून मीच आधी काढतो.

तर तो कागद. २०२३ संपत आलं तेव्हा वकील म्हणाले, तीन वर्षं होतायत, मुदत उलटली की तुमचा दावा चालणार नाही, त्याच्या आत लेखी कबुली घ्या, मग सहीच्या तारखेपासून परत तीन वर्षं मोजतात. दावा लावायचा माझा विचार नव्हता, अजून नाही. पण मुदत गेली की मग मी काही सोडलं असं होणार नाही, कायद्यानंच ते बुडवलेलं असणार, आणि मग मी कशाची माफी केली? म्हणून जानेवारी २०२४ मध्ये कागद टाइप करून घेतला आणि संध्याकाळी खानापूरला गेलो. टायपिस्टनं तो कन्नडात केलेला. मला कन्नड वाचता येतं, मावसभावाला बोलता येतं, वाचायला नीट येत नाही.

तो घरी नव्हता, टेम्पो घेऊन यायचा होता. मावशी होती, ऐंशीच्या पुढची, मोतीबिंदूनं दिसायचं बंद होत आलेलं. माझा आवाज ऐकून इतकी खूश झाली की काय सांगू. चहा झाला, थंडी होती, मी स्वेटर काढला नाही कारण कागद आतल्या शर्टाच्या खिशात होता आणि वाकलं की चुरचुरत होता. तेवढ्यात दिवेलागण झाली आणि मावशी म्हणाली, "बरं झालं आलास बाळ, आज तूच उपासना घे."

नाही कसं म्हणणार? माझी आई गेल्यावर याच बाईनं मला हाताला धरून कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, नेलेलं. बसलो. एक गीत म्हटलं. वाचन त्याच्या पोरीनं केलं, त्यांचं क्रमानं चाललेलं आणि नेमका बायबलातल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातला नावांचा भाग आला, अमक्याचा मुलगा तमका, ती अडखळत वाचत होती आणि मला बरं वाटत होतं की नुसतीच नावं आहेत, कुणी कुणाचं काही देणं लागत नाही. मग मी प्रार्थना केली. लांबवली. मावशीच्या डोळ्यांसाठी, पोरीच्या परीक्षेसाठी, सरहद्दीवरच्या शांतीसाठी, मंत्र्यांसाठी सुद्धा. मधेच बाहेर टेम्पो थांबला, चपला काढल्याचा आवाज, आणि तो येऊन माझ्या मागं बसला. डोळे मिटलेले होते तरी कळलं, डिझेल आणि कोथिंबिरीचा वास आला.

शेवटी प्रभूची प्रार्थना, सगळ्यांनी मिळून. आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं तसं तू आमचं सोड, ते वाक्य यायला लागलं तसा मी कान देऊन बसलो. खरं सांगतो, त्याचा आवाज अडखळेल म्हणून मी वाट बघत होतो. अडखळला नाही. रोज म्हणतो तसा स्वच्छ म्हणाला. मग लक्षात आलं की माझाही अडखळला नव्हता.

आमेन झालं आणि मी कागद काढला.

पोरीनं विचारलं काय आहे. मावशी म्हणाली, "वाच की मोठ्यानं, मला कुठं दिसतंय." तो म्हणाला, "वाच दादा, मला कन्नड जमत नाही." म्हणजे दोन मिनिटांपूर्वी ज्या तोंडानं प्रार्थना केली त्याच तोंडानं मला तो कन्नड कागद मराठी करून वाचावा लागला, की मी अमुक, अमक्याचा मुलगा, अडीच लाख रुपये हातउसने घेतले, ते देणं आहे आणि मला मान्य आहे. मावशी म्हणाली, "मग आहेच की मान्य, कुणी नाही म्हटलंय?" त्यावर कुणीच काही बोललं नाही. पोरीनं कंपासपेटीतनं पेन दिलं. त्यानं मांडीवर पाट घेऊन सही केली. त्याची बायको कप उचलून आत गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "दादा, उपासनेच्या आधी काढला असतास तर चाललं असतं."

हे वाक्य मला अजून सुटलेलं नाही. आधी काढला असता तर सही घेऊन मग तीच प्रार्थना म्हणायची होती, ते बरं दिसलं असतं काय? त्याला म्हणायचं होतं की मी प्रार्थनेचा दबाव टाकला. मला वाटतं प्रार्थनेनं दबाव टाकलाच असेल तर माझ्यावर, कारण निम्मा वेळ मी कागद न काढता परत जायचं असंच ठरवत होतो. मग का काढला? माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशन करायचंय, लेथ माझी होती पण ती चालली तिच्या डब्यावर आणि तिनं मोडलेल्या पाटल्यांवर. तिचं देणं मी परस्पर कसं सोडू? आणि दुसरं, जे मी कुणाला बोललो नाही. मी सोडले असं जाहीर केलं तर मंडळीत त्याची साक्ष, म्हणजे देवानं काय करवलं याची सगळ्यांपुढं सांगायची गोष्ट, होणार, पाळक उदाहरण देणार, आणि तो जन्मभर माझ्या साक्षीतला माणूस होऊन बसणार. आज निदान तो माझ्यावर रागावू शकतो. हा युक्तिवाद सोयीचा आहे हे मला दिसतं. खोटा आहे असं मात्र वाटत नाही.

चर्च कमिटीतले दोघेतिघे घरी येऊन सांगून गेले, भाऊ, प्रभूसाठी सोडून द्या. पौलानं फिलेमोनाला त्याच्या दासाविषयी, अनेसिमाविषयी, लिहिलं तेव्हा नुसतं सोडून दे म्हटलं नाही, त्याचं काही देणं असेल तर माझ्या खाती मांड, मी फेडीन, असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. सोडून द्या म्हणणाऱ्यांपैकी एकानंही अजून पेन मागितलेलं नाही.

एका हुशार सोयऱ्यानं नवीन काढलंय. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षी देणं सोडायला सांगितलंय, म्हणजे फेब्रुवारी २०२८ ला तुमचे सात होतात. त्याला म्हटलं, मग तोवर तरी मागू दे की. पण कायद्याची मुदत त्याच्या आधी, जानेवारी २०२७ ला संपते, म्हणजे २०२८ गाठायचं तर मधे आणखी एक सही लागणार. या खेपेला कागद मराठीत टाइप करून घेतो. त्याचा त्यानं वाचावा.