तुम्ही विचारलंत म्हणून: रत्नागिरीत बसून जगभरच्या वाइन परवडतात कशा?

हा प्रश्न लग्नाकार्यात हमखास येतो. विचारणारा आधी आजूबाजूला बघतो, मग आवाज खाली आणतो. "अहो, पेन्शनीत तुम्हाला पोर्तुगालच्या नि चिलीच्या वाइन परवडतात कशा? त्याही रत्नागिरीत बसून?" पुण्याचे पाहुणे असतील तर आणखी एक चिमटा: "आणि माशाच्या ताटाशी वाइन? सोलकढीने काय घोडं मारलंय?" सोलकढीने कुणाचं काही मारलेलं नाही, ती ताटात असतेच. परवडण्याचं मात्र एकदा नीट सांगून टाकते.

आमची भिशी आहे. भांड्यांची, साड्यांची, सोन्याची भिशी असते, तशी वाइनची. दहा जण, महिन्याला माणशी ६०० रुपये. ज्याची पाळी त्याचं घर आणि त्याचे मासे, वाइन सगळ्यांच्या पैशातून. एवढ्यात साधारण तीन बाटल्या येतात. ७५० मिलीची बाटली दहा जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला ७५ मिली, तिन्ही मिळून सव्वादोनशे. झिंगायला कमी, पारखायला पुरेसं. परवाने सगळ्यांनी काढलेत. राज्य उत्पादन शुल्क विभाग आजीवन परवाना देतो, तो घेऊन ठेवावा, उगाच कटकट नको. वही माझ्याकडे, कारण नोकरीभर बँकेत कॅश सांभाळली आणि ती खोड जात नाही.

आता मूळ मुद्दा. नावाजलेली वाइन घेतली तर अर्धे पैसे नावाचे जातात. अनोळखी घ्यावी तर फसायची भीती. एकट्या माणसाची १८०० रुपयांची बाटली वाईट निघाली की तो महिनाभर हळहळतो आणि पुढच्या खेपेला मुकाट्याने तीच जुनी ओळखीची उचलतो. आमच्याकडे तीच बाटली फसली तर माणशी १८० रुपये गेले. एवढ्यात हल्ली धड पापलेटही येत नाही. भिशीमुळे आम्हाला बाटली रुपयाने स्वस्त मिळत नाही, पण अनोळखी नावावर हात टाकायला छाती होते. आणि पैसे वसूल करणारी वाइन बहुतेक वेळा अनोळखी नावाचीच असते.

हे कोकणातल्या माणसाला जास्त फोड करून सांगायला नको. पेटीवर देवगड छापलं की भाव काय होतो आणि तितकाच गोड आंबा शेजारच्या गावचा असला की काय होतो, ते आपण दरवर्षी बघतो. फ्रान्सची बरगंडी, इटलीचा बारोलो ही वाइनमधली देवगडं. स्पेनच्या काम्पो दे बोर्हा भागातली गार्नाचा ही रेड, फ्रान्सच्याच पश्चिम किनाऱ्याकडची मस्काडे आणि दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लाँ या व्हाइट, ही शेजारची गावं.

त्यात आपला कर. आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क चालत आलंय. बंदरात ४०० रुपयांना उतरलेली बाटली गोदीच्या दारातून बाहेर पडतानाच हजाराची होते. पुढे राज्याचा कर, घाऊक व्यापारी, दुकानदार आहेतच. म्हणून तिकडची अगदी स्वस्तातली बाटली इकडे घेण्यात राम नसतो. जहाजाचं भाडं तिलाही तेवढंच पडतं, आत वाइन मात्र दीडदमडीची. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ला लागू झाला तेव्हा ५ अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीचं शुल्क १०० टक्क्यांवर आलं, दहा वर्षांत ते ५०वर यायचंय. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीचं ७५वर आलं, पुढे २५पर्यंत उतरेल. पाच डॉलरच्या खालच्या बाटलीला सवलतच नाही. तेव्हा ऑस्ट्रेलियाची घ्यायची तर दुकानात सगळ्यात खालच्या फळीवरची उचलू नये, तिच्या वरच्या फळीवरची घ्यावी. आमच्या वहीत लाल टिका तिथेच जास्त आहेत.

लाल टिक म्हणजे काय, तेही सांगते. ज्याची पाळी तो बाटल्या आधीच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो, मानेशी रबर लावतो. त्याच्याखेरीज आत काय आहे ते कुणाला ठाऊक नसतं. आधी नुसती चाखायची, मग घास खाऊन. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच आकडा लिहायचा: ही बाटली स्वतःच्या पैशाने घ्यायची झाली तर किती मोजाल? 'फुलांचा गंध, मधाची झाक' असलं काही लिहायला बंदी आहे. फक्त रुपये. मी चिठ्ठ्यांची सरासरी काढते, मग कागद फाडायचा. सरासरी खऱ्या किमतीच्या वर गेली की नावापुढे लाल टिक. ही पद्धत फार निर्दय आहे. एका सभासदांच्या भाच्याने दुबईहून आणलेल्या भारी फ्रेंच रेडला आम्ही सगळ्यांनी मिळून साडेसातशेच्या वर जाऊ दिलं नाही, आणि कागद फाडल्यावर त्यांचा चेहरा बघवेना. उलट नाशिकची शेनिन ब्लाँ एकदा परदेशी दोघींच्या मधे बसवली होती, तिला सगळ्यात जास्त भाव मिळाला. शेनिन ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली, आज सगळ्यात जास्त दक्षिण आफ्रिकेत लावतात, आणि आपल्याकडे ती नाशिकला चांगली रुळली आहे. नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, युरोपातली सप्टेंबरच्या सुमारास. त्यामुळे ताजी व्हाइट हवी असेल तर उन्हाळा उलटून गेल्यावर नाशिकची घ्यावी, असा माझा अनुभव.

वाइनची वर्गणी काढून मंडळी जमवणं ही काही आमच्या डोक्यातली नवी कल्पना नाही. १८७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी आलेली पोर्तुगालची पिंपं तळघरात पडून राहिली. मेजर जनरल हेन्री स्कॉट यांनी ती खपवायला जेवणावळी घातल्या, लोकांना वाइन आवडली, आणि त्यातून 'द वाइन सोसायटी' नावाची सहकारी संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे आणि तिचे मालक सभासदच आहेत. सहकार म्हटलं की आपल्याला फक्त साखर कारखाना आठवतो! मला यातलं आवडतं ते हे की सुरुवात न खपलेल्या मालापासून झाली.

पोर्तुगाल आमच्याही वहीत सारखा येतो, पण त्याची वाट वेगळी. आमच्या आळीत बोटीवर नोकरीला असलेली माणसं पुष्कळ. परदेशातून येणाऱ्याला २ लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे दोन बाटल्या सुखाने. कुणी पोर्तो बाजूच्या बंदरातून सुटून घरी यायचा असला की आम्ही त्याला विन्यो व्हेर्दे आणायला सांगतो. तिकडे वाण्याच्या दुकानात चार-पाच युरोला मिळते. हलकी, आंबटसर, जिभेवर जराशी चुरचुरणारी, अल्कोहोल बेताचं. ती बॅगेतून लुंगीत गुंडाळून येते आणि तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर संपते. खोबरं, लाल मसाला, वर कोकमाचा आंबटपणा, आणि शिंपल्याचं ते खारट पाणी. तिच्यापुढे महागड्या, लाकडाच्या पिंपात मुरवलेल्या वाइन अगदी ढिम्म वाटतात.

"मग गोव्याहून का आणत नाही, तिकडे तर स्वस्त!" असंही सुचवणारे आहेत. गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुली नाक्यावर गोवा बनावटीची दारू जप्त, ही बातमी आम्ही लहानपणापासून वाचतोय. त्या बातमीत आपलं नाव छापून यावं अशी हौस नाही.

माशांचं म्हणाल तर ठरलेलं असं काही नाही, पण दोन-तीन गोष्टी आमच्या जिभांनी पक्क्या केल्यात. मालवणी मसाल्यात चौदा-साडेचौदा टक्के अल्कोहोलची वाइन घेतली तर तिखट दुप्पट झोंबतं. कोकम-चिंचेच्या आंबटापुढे कमी आंबट वाइन पाण्यासारखी लागते. आणि बांगड्याशी रेड घेतली की तोंडात गंजक्या खिळ्याची चव येते. ही आमची कल्पना असेल असं वाटत होतं, पण जपानी संशोधकांनी २००९मध्ये तेच दाखवून दिलंय: वाइनमध्ये लोह जितकं जास्त, तितका माशाचा हिंवसपणा वर येतो. कालवांच्या दिवसांत आम्ही मस्काडे शोधतो. ती समुद्राजवळची, यीस्टच्या गाळावरच हिवाळाभर ठेवलेली आणि फ्रान्सची असून बेताच्या भावाची. रत्नागिरीत मिळत नाही, मुंबईहून येताना कुणीतरी आणतं.

सगळ्यात मोठं भांडण मांझानियावरून झालं. ही स्पेनमधल्या सानलुकार दे बारामेदा या समुद्रकाठच्या गावची शेरी, म्हणजे तिकडची कडक वाइन. पिंपात वाइनवर यीस्टची साय धरते, दमट खाऱ्या हवेत ती साय छान टिकते, आणि तिच्याखाली वर्षानुवर्षं मुरलेली वाइन ठणठणीत कोरडी, म्हणजे गोडीचा अंशही नसलेली, मिठागराच्या वाऱ्यासारखी होते. पाळी असलेल्या वहिनींनी सोबत खारवलेला बांगडा भाजला होता, वर कांदा आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब. निम्म्यांनी चिठ्ठीवर शून्य लिहिलं. एकाने "औषध" लिहिलं, आकडा नसल्याने ती चिठ्ठी मी बाद केली. उरलेल्या आम्ही चार जणांनी इतके मोठे आकडे लिहिले की सरासरी बरोबर खऱ्या किमतीवर येऊन टेकली. एवढी वर्षं मुरलेली दुसरी कुठलीही वाइन त्या पैशात मिळणार नाही, असं माझं अजूनही म्हणणं आहे. शून्यवाले अजूनही ऐकत नाहीत.

जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा रेडचे दिवस. कोंबडी-वडे असतील तर चिलीची कार्मेनेर. हिची गंमत अशी की चिलीचे शेतकरी तिला मर्लो ही दुसरीच द्राक्षाची जात समजून लावत होते. १९९४मध्ये ज्याँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने वेली बघून सांगितलं की ही फ्रान्समधल्या बोर्दोची जुनी, जवळजवळ विसरलेली कार्मेनेर आहे. तिला हिरव्या मिरचीचा वास असतो, सागोतीच्या वाटणाशी तो जुळतो. रेड गार करूनच देतो आम्ही. 'खोलीच्या तापमानाला' हे युरोपातल्या खोलीबद्दल लिहिलेलं असतं. आमची खोली मे महिन्यात तेहतीसवर असते. व्हाइटसाठी फ्रीजची वाट कोण बघतो? माशाची थर्माकोलची पेटी, मिरकरवाड्यावरून आणलेला फोडलेला बर्फ, बुडेल इतकं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. बाटली मानेपर्यंत आत. वीसेक मिनिटांत दात शिवशिवतील इतकी गार.

श्रावणात भिशी बंद, वर्गणी मात्र चालू. त्या साठलेल्या पैशातून नारळी पौर्णिमेनंतर एक शॅम्पेन आणि एक स्पॅनिश काव्हा, दोन्ही कागदात. दोघींचाही फेस बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून तयार होतो. फरक म्हणजे शॅम्पेन किमान १५ महिने ठेवतात, काव्हा ९. भावात कितीतरी पटींचा फरक. दहापैकी तिघांनी शॅम्पेन बरोबर ओळखली, बाकीच्यांनी काव्हाला जास्त पैसे लावले. त्या तिघांत मी नव्हते.

"मग आम्हाला घ्या ना तुमच्या भिशीत," असं शेवटी सगळेच म्हणतात. जागा नाही. अकरावा आला की वाटा ७० मिलीच्याही खाली जातो आणि ताटाला पुरत नाही. तुमची तुम्ही काढा, पाच जणांचीही चालेल. पहिल्या महिन्याला दक्षिण आफ्रिकेची शेनिन आणि नाशिकची शेनिन शेजारी ठेवा, सोबत सुरमई तळलेली, फार मसाला नको. दुकानात एवढं बघा: साधी व्हाइट दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी नको, साल लेबलवर असतं. आणि रस्त्याकडच्या काचेत उन्हात उभी करून ठेवलेली बाटली दुकानदाराने निम्म्या भावात दिली तरी घेऊ नका. आपल्या उन्हात तिची केव्हाच कढी झालेली असते. आतल्या गार खोलीतली दे म्हणावं. नसेल तर दुसरं दुकान.