सीटखालचे कॅन

दोन दिवस झाले तीच गोष्ट डोक्यात घोळतेय, आणि गोष्ट काय तर सहा रिकामे प्लास्टिकचे कॅन. लिहायलाही लाज वाटते. पण बंगळूरला यशवंतपूरच्या यार्डात ट्रक खाली करायला नंबर लागायला सकाळ होणार, कांदा तसाच अंगावर आहे, डास झोपू देत नाहीत, म्हणून लिहितोय.

झालं असं की पिंपळगावला मी काट्याच्या पावतीसाठी उभा होतो, तेवढ्या वेळात बारक्यानं, म्हणजे माझ्या क्लीनरनं, कॅबिन साफ केली. चांगली केली, खोटं कशाला बोलू. काच पुसली, मॅट झटकले, बर्थखालचा चार महिन्यांचा कचरा काढला. आणि माझे सगळे कॅन भंगारवाल्याला दिले. मी वर चढलो तर पोरगा हसतोय, "मामा बघा, किती जागा झाली." मी म्हणलं, "हं." एवढंच. नारायणगाव येईपर्यंत मी तोंडच उघडलं नाही.

राग नव्हता आला. राग आला असता तर शिव्या दिल्या असत्या, मोकळा झालो असतो, तो पण आणि मी पण. मग आलं होतं काय, हेच कळत नाही.

आता हे कॅन म्हणजे काय, तर कोणी बघितलं तर भंगारच म्हणेल. ऑइलचे पाच लिटरवाले तीन, कूलंटचा एक, गोडेतेलाचे दोन. ऑइलच्या डब्यावर लिहिलेलंच असतं की रिकामा झाला की नष्ट करा, म्हणजे कोणी त्यात बनावट माल भरून विकू नये. मी नष्टच करतो की, करवतीचं पातं स्टोव्हवर तापवायचं, कॅन आडवा धरून मूठ शाबूत ठेवून वरची बाजू उडवायची. काठ हाताला लागतो, म्हणून डिझेलची जुनी नळी उभी चिरून काठावर बसवायची. दोन भोकं पाडून ट्यूबच्या पट्टीनं सीटच्या दांडीला बांधला की कितीही खड्डे येवोत, हालत नाही, वाजत नाही. एकात फ्यूज, बल्ब, टेप. एकात बारा-तेरा, चौदा-पंधरा असले बारके पाने. एक उभा चिरलेला, त्यात बिल्ट्या आणि पावत्या. गोडेतेलाच्या एकात बटाटे-लसूण, दुसऱ्याच्या झाकणाला तीन भोकं, तो हात धुवायचा. कूलंटच्या कॅनचं मुंडकं कापून नरसाळं केलेलं आणि बुडाच्या भागात स्टोव्हची पिन, काकडे, माचिस. ऑइलच्या कॅनमध्ये खायचं कधी ठेवायचं नाही, सोडा घाला, राखेनं घासा, वास जात नाही. एकदा कांदे ठेवले होते, तीन दिवस भाजीला इंजिनाची चव होती.

युरियाची, म्हणजे धूर साफ करायला गाडीत घालतात त्या पाण्याची, बादली तेवढी वाचली, कारण ती बाहेर बांधलेली असते, ताडपत्रीचे दोर ठेवायला. ती कितीही धुवा, वाळली की काठाला पांढरी खार धरतेच.

तर निपाणी सोडली आणि तवंदी घाटात मीटरचे लाईट गेले. मीटरचे गेले म्हणजे मागचेही गेले, मागून एक लक्झरी हॉर्नवर हॉर्न मारत होती. जागा बघून गाडी बाजूला दाबली, आणि हात आपला आपण सीटच्या डाव्या अंगाला खाली गेला. तिथं काहीच नव्हतं. पत्रा हाताला लागला, गार. मी तसाच बसलो, हात खाली सोडून, येड्यासारखा. फ्यूज टूलबॉक्समध्ये एका कॅरीबॅगमध्ये होते, बारक्यानं मोबाईलची बॅटरी लावून शोधून दिला, 10 चा लाल. सगळी मिळून पंधरा मिनिटं गेली असतील. पण तो पत्रा अजून बोटांना लागतोय.

मग पुढं हुबळीपर्यंत नुसते विचार. बावीस वर्षं गाडीवर काढली आणि स्वतःचं म्हणावं असं काय, तर सहा कापलेले कॅन, तेही पंधरा रुपये किलोनं गेले. गाडी शेठची, माल व्यापाऱ्याचा, रस्ता टोलवाल्याचा. घरी गेलो तर माझा टॉवेल कुठं असतो ते मला विचारावं लागतं. इथं अंधारात डोळे मिटून सांगितलं असतं कुठला पाना कुठं आहे. शेठ ही गाडी काढायचं म्हणतोय ते वेगळंच, 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना एसी कॅबिन सक्तीची झालीय, आमची 2021 ची, आता हिला कोण विचारणार. बारक्या दिवसभर त्या नव्या गाड्यांच्या रील बघतो. बघू दे.

आणि गंमत अशी की त्यानं भंगाराच्या पैशात स्वतःच्या भत्त्यातले घालून आरपार दिसणारे तीन डबे आणलेत, झाकणवाले. हे मला चित्रदुर्गाला चहा पिताना कळलं. सीटमागं लपवून ठेवले होते, मी बोलत नव्हतो म्हणून दाखवायची हिंमत होईना त्याची. एकोणीस वर्षांचं पोरगं. "मामा, आत काय आहे ते बाहेरनंच दिसतं, शोधायला नको." बरोबर आहे त्याचं. मला शोधावं लागतच नव्हतं, पण हे त्याला कसं सांगणार, त्याला तर लागत होतं ना. सहा महिने मी सांगतोय चौदाचा पाना दे आणि तो तिन्ही कॅन उपसतोय, मी वर ओरडतोय. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तुमकूरच्या अलीकडं एका स्पीडब्रेकरला एका डब्याचं झाकण तडकलं. मला आनंद झाला. खरंच झाला, आणि लगेच त्या आनंदाची इतकी लाज वाटली की मीच टेप काढून झाकण चिकटवलं. टेप कुठं आहे ते बाहेरनंच दिसलं, हेही लिहून टाकतो.

आता तो बर्थवर घोरतोय. मघाशी झोपायच्या आधी विचारत होता, ती डिझेलची नळी काठाला कशी बसवायची, सरकत कशी नाही. म्हणजे टाकताना बघितलं होतं त्यानं नीट. मी म्हणलं गरम पाण्यात बुडवून घ्यायची, मऊ पडते. परतीला सर्व्हिस आहे, ऑइल बदलायचं, कूलंट बदलायचं. दोन तरी कॅन निघतील, त्यातला एक त्याला कापायला देतो. पातं तापवताना हात भाजणार त्याचा, माझाही भाजला होता.