शिंगवाल्या डबीत मादी का नाही?

ऐरोलीच्या खाडीकाठी ओहोटी पुरती लागली की तिवरांच्या बाहेरच्या उघड्या चिखलावर राईच्या दाण्यांएवढ्या मातीच्या ढिगल्या दिसू लागतात. खेकड्यांच्या मोठ्या बिळांमध्ये त्या सहज नजरेतून निसटतात; परंतु अशा ढिगलीखालचा मातीचा तुकडा सुरीने उचलून पाण्यात विरघळवला, की पाच-सहा मिलिमीटर लांबीचा, काळपट, सडपातळ भुंगेरा वर तरंगत येतो. त्याची कडक पंखावरणे इतकी आखूड असतात, की पोटाचे बहुतेक खंड उघडेच राहतात. स्टॅफिलिनिडी कुलाची ही ठळक खूण. पावसाळ्यात दिव्यावर येणारा आणि अंगावर चिरडला गेल्यास कातडीवर भाजल्यासारखे फोड आणणारा काळा-नारिंगी पेडेरस याच कुलातला, हे सांगितले की विद्यार्थी सावरून बसतात.

गेल्या हिवाळ्यात परवानगी घेऊन गोळा केलेले असे ४६ नमुने ठाण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ओळखण्याचे काम चालू होते. प्रजातीबद्दल, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाबद्दल, शंका नव्हती. नडग्यांवर खोदकामासाठी काट्यांच्या रांगा होत्या आणि गुल्फाचे (पायाच्या टोकाकडील भागाचे) खंड चारच होते, म्हणजे ब्लेडियस. या प्रजातीचे भुंगेरे ओल्या मातीत बिळे खणतात आणि तेथील सूक्ष्म शैवालावर जगतात. ब्रिटनच्या खारट दलदलीतील एका जातीची मादी तर अरुंद मानेच्या बाटलीसारखे बीळ करते, भरतीचे पाणी आत शिरू देत नाही आणि आपली अंडी व अळ्या सांभाळते.

प्रश्न जातीचा होता. काही नमुन्यांच्या छातीच्या पाठीवरून एक शिंग पुढे डोक्यावर झुकलेले होते, बाकीच्यांना ते नव्हते. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ माल्कम कॅमरन यांनी भारतातील या कुलावर १९३० ते १९३९ या काळात लिहिलेले खंड समोर ठेवून मी दोन डब्या केल्या. ‘अ’ डबीत १५ शिंगवाले, ‘ब’ डबीत ३१ बिनशिंगी. दोन्हींची वर्णनेही बरीचशी लिहून झाली होती.

त्या दिवशी सकाळी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी ‘अ’ डबीतील नमुन्यांचे लिंग तपासून नोंदी करीत होती. अकरा वाजण्याच्या सुमारास ती म्हणाली, “मॅडम, पंधराही नरच निघाले. या जातीच्या माद्या कुठे गेल्या असतील?” मी हातातील चिमटा खाली ठेवला. एकाच चिखलातून, एकाच पद्धतीने, तीन वेळा गोळा केलेल्या नमुन्यांत एका जातीची एकही मादी सापडू नये, हे मला पटेना. “अगं, माद्या दुसऱ्या डबीत असतील,” असे मी म्हणाले खरी; पण तसे असेल तर माझ्या दोन जाती उरतच नव्हत्या.

मग ‘ब’ डबी उघडली. अशा भुंगेऱ्यांत जात ठरवताना नराच्या जननांगाची ठेवण बाहेरच्या रूपापेक्षा अधिक भरवशाची असते. पोटाचे शेवटचे खंड बारीक सुईने वेगळे करायचे, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून मांसल भाग निघू द्यायचा आणि उरलेले कडक भाग ग्लिसरीनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, असे हे काम आहे. हात जरा कापला की सुई अवयवाच्या आरपार जाते. संध्याकाळपर्यंत हिशेब लागला: ३१ बिनशिंगींपैकी २१ माद्या आणि १० नर. त्या दहांपैकी नऊ नरांचे जननांग ‘अ’ डबीतील नरांशी तंतोतंत जुळत होते. मधला भाग तसाच वाकलेला, टोकाशी तशीच लहानशी खाच. ते नर अंगाने लहान होते इतकेच, आणि भिंग वाढवून पाहिल्यावर त्यांच्या छातीच्या पुढच्या कडेवर शिंगाच्या जागी एक बोथट टेंगूळ दिसले. मी आधी ते पाहिलेच नव्हते, कारण मी शिंग शोधत होते.

आम्ही जननांग जुळणाऱ्या या २४ नरांच्या छातीची रुंदी आणि शिंगाची लांबी मोजून आलेखकागदावर मांडली. ठिपके दोन ठिकाणी गोळा होतील अशी माझी अजूनही थोडी आशा होती. ते लहानापासून मोठ्यापर्यंत चढत गेले, मध्ये कुठेही खंड पडला नाही. ब्लेडियसच्या नरांत शिंगाची लांबी शरीराच्या आकाराप्रमाणे बदलते, हे मी वर्गात शिकवत आले आहे. स्वतःच्या टेबलावर मात्र मला शिंग सर्वांत आधी दिसले आणि मी त्यालाच जातीची खूण मानून बसले, याची मला मनापासून खंत वाटली. दोन्ही वर्णने मी त्याच वेळी बाजूला काढली.

राहिला दहावा नर. त्यालाही शिंग नव्हते, टेंगूळही नव्हते. त्याचे जननांग मात्र निमुळते, सरळ आणि टोकाला टोकदार होते. शिवाय पंखावरणांवरचे खळगे अधिक खोल आणि विरळ होते. म्हणजे दोन जाती खरोखरच असाव्यात, पण त्यांच्यातील सीमा मी आखलेल्या रेषेवर नव्हती. आता त्या २१ माद्यांपैकी याच्या कोणत्या, हे ठरवायचे होते. खळगे पुन्हा मोजल्यावर दोन माद्या त्याच्याकडे वळतात असे वाटले, पण एका नराच्या आधारावर मी ते लिहिणार नाही.

रात्री आठ वाजता त्या तिघांना वेगळ्या कुपीत ठेवले. आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकली: ठिकाण, तारीख, ‘ब्लेडियस, जाती अनिश्चित’. विद्यार्थिनीने भरतीचे वेळापत्रक आधीच उघडले होते. पुढची मोठी ओहोटी अमावास्येला होती. या खेपेस चिखलाचा जो पट्टा आम्ही टाळला होता, त्याच पट्ट्यापासून सुरुवात करायची असे ठरले.