टेप स्वस्त, ड्राइव्ह महाग: लग्नाच्या व्हिडिओंचा हिशेब

तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओकडे २२ टीबी लग्नाचं शूटिंग साचलं आहे असं धरू. ते एलटीओ टेपवर (डेटा साठवायची चुंबकीय फीत; नावापुढचा आकडा म्हणजे तिची पिढी) ठेवायचं असेल तर आधी टेपच्या डब्यावरचा मोठा आकडा विसरा. एलटीओ-६ वर ६.२५ टीबी छापलेलं असतं, एलटीओ-८ वर ३०. डेटा अडीच पट आकसेल असं धरून काढलेले हे आकडे. कॅमेऱ्यातला व्हिडिओ आधीच आवळलेला असतो, तो आणखी आकसत नाही. खरी जागा २.५ आणि १२ टीबी.

प्रती दोन हव्याच. एक दुकानात, दुसरी दुसऱ्या गावी. एलटीओ-६ च्या १८ टेपा लागतील, एलटीओ-८ च्या ४. एलटीओ-९ ची टेप १८ टीबीची, तरी तिच्याही ४ च लागतात. म्हणजे २२ टीबीसाठी एलटीओ-९ चे जादा पैसे वाया. डॅट-१६० हा जुना टेपप्रकार तर फुकट मिळाला तरी नको: ८० जीबीच्या हिशेबाने एका प्रतीलाच २७५ टेपा.

दुकानदाराला टेपचा भाव विचारून थांबू नका. ड्राइव्ह (टेप लिहिणारं-वाचणारं यंत्र), एसएएस कार्ड (ड्राइव्ह संगणकाला जोडणारं), केबल, क्लीनिंग कार्ट्रिज (ड्राइव्ह साफ करणारी टेप) आणि सगळ्या टेपा यांची बेरीज करा, तिला २२ ने भागा, म्हणजे दर टीबीचा खर्च कळेल. साठा लहान असला की ड्राइव्हचाच भार जड पडतो, म्हणून वापरलेला एलटीओ-६ मोह घालतो. पण एलटीओ-६ ची टेप एलटीओ-७ चा ड्राइव्ह वाचतो, एलटीओ-८ चा नाही. त्या वाटेने जायचं तर दुसरा जुना ड्राइव्हही आत्ताच हिशेबात धरा. एलटीओ-८ ची टेप एलटीओ-९ मध्ये चालते. माझं मत एलटीओ-८ कडे झुकतं, साठा दरवर्षी वाढणार असेल तर नक्कीच.

एलटीओ-६ सेकंदाला १६० एमबी लिहितो. यूएसबी २ च्या हार्डडिस्कवरून ३०-४० एमबीच येतात. मग टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. वेळ जातो, टेप आणि हेड दोन्ही झिजतात. आधी एसएसडीवर घ्या, तिथून टेपवर. पूर्ण वेगानेही २.५ टीबीला सव्वाचार तासांहून थोडं जास्तच लागतं, म्हणून लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहूनच सुरू करा आणि यूपीएस लावा. एलटीएफएस (टेपवरच्या फायली पेनड्राइव्हसारख्या दाखवणारी पद्धत) वापरत असाल तर अनमाउंट केल्याशिवाय, म्हणजे संगणकातून रीतसर सोडवल्याशिवाय, टेप काढू नका, फायलींची सूची तेव्हाच पूर्ण लिहिली जाते.

आपल्याकडचा खरा शत्रू मे महिना. टेप दीर्घकाळ ठेवायची तर १६ ते २५ अंश हवेत. टिनाच्या छताखाली ते शक्य नाही. कूलर हा उपाय नव्हे: तो ओली हवा फेकतो आणि ड्राइव्हची मर्यादा ८० टक्के आर्द्रतेची. ड्राइव्ह कूलरच्या झोतात ठेवू नका, जिनिंगजवळ दुकान असेल तर रुईच्या धुळीपासूनही दूर ठेवा. क्लीनिंग कार्ट्रिज मात्र ड्राइव्हने मागितल्यावरच घाला. उन्हातून आणलेली टेप लगेच घालायची नाही. डब्यासकट एक दिवस खोलीत राहू द्या.