आजोबांचं बोट आणि पहाटेची गाणी

जेरुसलेमचे फोटो टाक म्हणून चार जणांचे तरी मेसेज आले, टाकतो, पण ज्या तीन-चार तासांसाठी ही पोस्ट लिहायला बसलोय त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही आणि रेकॉर्डिंगही नाही, कारण तेव्हा शब्बात होता, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, आणि मोबाईल हॉस्टेलच्या लॉकरमध्ये ठेवून गेलो होतो. २०१९ चा जानेवारी. त्याआधीच्या चार दिवसांत मृत समुद्र, मसादा, बेथलेहेम, पश्चिम भिंत सगळं बघून झालं होतं, त्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय.

सुरुवात गुरुवारी रात्री झाली. माझं हॉस्टेल माखने येहुदा बाजाराच्या मागच्या गल्लीत, आणि तिथे गुरुवारी रात्री भाजीची दुकानं बंद झाली की बार उघडतात, तीन बारचे स्पीकर एकमेकांवर आदळत असतात. मला ती गर्दी अजिबात झेपली नाही, अर्ध्या तासात परत आलो. किचनमध्ये नाईट ड्युटीचा पोरगा काकडी चिरत बसला होता आणि त्याच्या फोनवर एक गाणं चालू होतं. गिटार, थोडा खरखरीत आवाज, खूप संथ. प्रेमाचं गाणं आहे का विचारलं तर म्हणाला, प्रार्थना आहे, योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, संध्याकाळी आमच्याकडे म्हणतात, शेकडो वर्षं जुनी. गाणारा मेईर बनाई. रॉकवाला माणूस, आणि २००७ मध्ये त्याने 'श्मा कोली' नावाचा अख्खा अल्बम अशा जुन्या पियुतांचा केला. पियुत म्हणजे सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गायची काव्यं, आपल्याकडे अभंग-पदं असतात तशी म्हणा. दोन वर्षांनी बेरी सखारोफने अकराव्या शतकातला कवी इब्न गबिरोल इलेक्ट्रिक गिटारवर आणला. पोरगा एकेक गाणं लावत गेला आणि सांगत गेला.

त्याने जे सांगितलं ते मला लागलं. त्याचे आजोबा मोरोक्कोहून आलेले. घरात अरबी चालीत गायचे, पण बाहेर त्या आवाजाला किंमत नव्हती, रेडिओवर रशियन-युरोपियन वळणाची हिब्रू गाणी, आणि अरबी देशांतून आलेल्या ज्यूंचं गाणं म्हणजे कमी दर्जाचं असंच सगळे धरून चालायचे. आजोबांनी मुलांसमोर गाणं सोडलं. मग वडिलांच्या पिढीला कॅसेट मिळाली. तेल अवीवच्या जुन्या बसस्टँडवर टपऱ्यांवर विकल्या जायच्या त्या, येमेनी घरातला झोहार अर्गोव त्यातूनच घराघरात गेला, १९८२ मध्ये त्याचं 'हापेराख बेगानी' आलं आणि मग रेडिओलाही दार उघडावं लागलं. आणि आता हा नातू आजोबांच्या प्रार्थना गिटारवर ऐकतोय. आजोबा गेले, म्हणाला, मला त्यांच्या चाली विचारायच्या होत्या. मला काय बोलावं सुचलं नाही, माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांपैकी मला दोन येतात, बाकी सगळ्या तिच्याबरोबर गेल्या.

मग तो म्हणाला, तू भारतातला ना, थांब. हाब्रेरा हातिवीत नावाचा बँड, मोरोक्कोत जन्मलेल्या श्लोमो बारने १९७७ मध्ये काढलेला. आधी दरबुका, म्हणजे त्यांचा तो मातीचा पेल्यासारखा ढोल, आणि मग व्हायोलिन. ते व्हायोलिन एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत गेलं आणि मी चमच्यासकट थांबलो, कारण ही आपली मींड, ती बाहेरच्याला अशी येत नाही. कोण वाजवतंय? त्याने नाव शोधून दाखवलं. सॅमसन केहिमकर.

मी अलिबागचा. आमच्याकडे इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे, आणि बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, आडनावं कोकणातल्या गावांवरून आहेत हे लहानपणापासून माहीत आहे, नवगावकर, पेणकर, रोहेकर. केहिमकर म्हणजे किहीम! एसटीने अर्ध्या तासावर. त्या पोराला हे गावाचं नाव आहे हेच माहीत नव्हतं, मी त्याला मॅपवर किहीमचा किनारा दाखवला, त्याने झूम करकरून बघितला आणि म्हणाला, म्हणजे हे व्हायोलिन इथून आलं. रात्री दीड वाजता मला घराची एवढी आठवण आली की काय सांगू. जाताना म्हणाला, हे गाणं खरं कुठून येतं ते ऐकायचं असेल तर शनिवारी पहाटे तीनला अदेस सिनेगॉगमध्ये जा, हिवाळा आहे, बकाशोत, म्हणजे पहाटे गायची पियुतं, चालू आहेत.

शुक्रवारी दुपारनंतर सगळं बंद. बस नाही, चहा नाही, नीट जेवणसुद्धा नाही, आणि खरं सांगतो तोपर्यंत मी त्या शब्बातवर वैतागलेलोच होतो. पण पहाटे पावणेतीनला निघालो तेव्हा त्या बंद शहराचा अर्थ लागला. एक गाडी नाही. ओले दगड, हाडात शिरणारी थंडी. नाखलाओत या जुन्या वस्तीच्या गल्ल्या आमच्या आळीपेक्षा अरुंद, पाटी वाचता येत नाही, विचारायला माणूस नाही, आणि तरी सापडलं, कारण दोन वळणं आधीच आवाज यायला लागला.

अदेस हे सीरियातल्या आलेप्पोहून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग, १९०१ मधलं. आत बाकं भरलेली, म्हातारे, तरुण, आठ-नऊ वर्षांची पोरं, पहाटे तीनला! वाद्य एकही नाही, शब्बातला वाजवायचंच नाही. खोलीचे दोन भाग पडलेले, एक बाजू एक कडवं म्हणते, दुसरी बाजू पुढचं उचलते, अगदी भजनातल्यासारखं. मला काकड आरतीची आठवण झाली आणि मी ती झटकलीही नाही. कडव्यांच्या मध्ये एकजण एकटा उभा राहून स्तोत्रातल्या ओळी घेतो, तालाशिवाय, आलापीच ती, आणि एका मकामातून, मकाम म्हणजे त्यांचा राग म्हणा, सगळ्यांना हळूच पुढच्या मकामात नेऊन सोडतो. हिजाज नावाचा मकाम आला तेव्हा कोमल रिषभावरून शुद्ध गंधाराची ती उडी ऐकून अंगावर काटा आला, वेळ पहाटेची आणि कानात भैरव. काही सूर तर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधले, पेटीवर निघणारच नाहीत असे.

मध्यरात्री उठून गायची ही रीत उत्तर इस्रायलमधल्या सफेद गावच्या सोळाव्या शतकातल्या गूढवाद्यांपासूनची. तिथल्याच इस्रायल नजाराने १५८७ मध्ये छापलेल्या पुस्तकात तुर्की-अरबी चालींवर हिब्रू शब्द बसवले. चाल लोकांच्या तोंडातली, शब्द देवाचे. आपल्याकडे किती पदं अशीच 'अमक्याच्या चालीवर' जन्मली, त्यामुळे मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. परवा रात्रीची ती गिटार आणि ते व्हायोलिन, दोन्ही इथूनच गेलेत हे तिथे बाकावर बसून कळत होतं.

चारच्या सुमाराला टूरिस्टांचा एक घोळका आला, दारात कुजबुज, बुटांचे आवाज, एकाने फोन काढला, कुणीतरी हाताने नको म्हणून सांगितलं, आणि दहा मिनिटांत सगळे गेले. मला इतका राग आला. गाणाऱ्यांपैकी मात्र कुणी मान वळवली नाही.

माझ्या शेजारी एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. मी नुसता बसलोय हे बघून त्यांनी त्यांचं पुस्तक माझ्या मांडीवर अर्धं सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. मला हिब्रूचं एक अक्षर येत नाही हे त्यांना कळलं असणारच. तरी ते बोट फिरत राहिलं, उजवीकडून डावीकडे, नखाची कड पिवळी, सांधा सुजलेला, बोट थोडं थरथरणारं, आणि सम आली की कागदावर एक हलकी टिचकी. त्यांना स्वतःला बघायची गरज नव्हती, डोळे मिटून गात होते, बोट फक्त माझ्यासाठी. मधे एका पोराने एकट्याने कडवं घेतलं, त्याचा आवाज वर जाऊन किंचित चिरला, आणि आजोबांनी बोट तिथेच थांबवलं, पोरगा सावरेपर्यंत हललं नाही. कुणीतरी काचेच्या ग्लासात गरम चहा आणून दिला. दोन दिवसांतला पहिला चहा.

गाणी संपून सकाळची प्रार्थना सुरू झाली तेव्हा खिडक्या करड्या झाल्या होत्या. आजोबांनी कानाशी वाकून विचारलं, कुठून? मी म्हटलं, इंडिया. त्यांना कळलं नाही. मग पोराने शिकवलेला शब्द आठवला, होदू. त्यांचा चेहरा उजळला. 'होदू!' म्हणाले, घाईघाईने काही पानं पुढे उलटली, एका ओळीच्या पहिल्या शब्दावर बोट टेकवलं, चार अक्षरं, मग बोट माझ्या छातीवर, मग परत त्या शब्दावर. मला वाटलं, प्रार्थनेत भारताचं नाव आहे की काय. थोड्या वेळाने सगळी खोली त्याच ओळीवर आली, आणि तो शब्द मोठ्याने म्हणताना आजोबांनी माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी आकाशात तारे दिसल्यावर शब्बात सुटला, लॉकर उघडला, आणि पोराला ते सांगितलं. तो म्हणाला, शब्द एकच आहे, होदू म्हणजे भारत आणि होदू म्हणजे आभार माना.