मारिओ मेन, नोंद तिसरी: सगळा मुक्काम कडेवर

सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये मारिओ हे माझं मुख्य पात्र, म्हणजे 'मेन'. मागच्या नोंदीच्या शेवटी ठरलं होतं की पुढचे काही महिने लॅडर या कॉम्बोवर, म्हणजे एकामागोमाग लागणाऱ्या फटक्यांवर, घालवायचे. डाउन थ्रो (पकडून खाली आपटणं), अपटिल्ट (जमिनीवरून वर मारलेला हलका फटका), मग अप-एअरमागे अप-एअर (हवेतून वर मारलेले फटके) लावत समोरच्याला वर वर न्यायचं आणि शेवटी अप-बीने (वर झेपावणाऱ्या खास फटक्याने) छताबाहेर. अमेरिकेतल्या डार्क विझी या मारिओ खेळाडूचे सामने पाहिले की कोणालाही वाटतं, मारिओ म्हणजे हेच. लॅडर अजून हातात पुरती बसलेली नाही. पण मधल्या काळात खेळ सुधारला, आणि तो सुधारला भलत्याच जागेवरून: स्टेजच्या कडेवरून. म्हणून ही नोंद जवळजवळ सगळी कडेबद्दल आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गेम निन्टेन्डो स्विचवरचा, ७ डिसेंबर २०१८ ला आलेला. आम्ही आयटम (मैदानात पडणाऱ्या वस्तू) बंद ठेवून तीन स्टॉक, म्हणजे तीन जीव, सात मिनिटं असे खेळतो. इथे आयुष्याची पट्टी नसते. मार खाल्ला की पर्सेंट वाढतो, आणि पर्सेंट जितका जास्त तितके तुम्ही लांब उडता. पडद्याबाहेरच्या हद्दीपलीकडे गेलात की स्टॉक गेला. म्हणजे १५० पर्सेंटवरही माणूस तगून राहतो आणि ४० वरही जातो. सगळं अवलंबून तो कुठे उभा होता यावर. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. बोटांना ते कळायला मात्र बराच काळ जातो.

या मालिकेचे जनक मासाहिरो साकुराईंनी हा प्रकार मुद्दाम असा बांधला. पहिला गेम निन्टेन्डो ६४ वर जानेवारी १९९९ मध्ये जपानात आला. त्याआधीच्या कच्च्या नमुन्यात मारिओ, पिकाचू कोणीच नव्हते, बिनचेहऱ्याचे पुतळे मारामारी करायचे, आणि त्या नमुन्याचं प्रोग्रॅमिंग पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेल्या सातोरू इवातांनी स्वतः केलं होतं. पाठ केलेल्या कॉम्बोवर सगळा खेळ चालू नये, ही साकुराईंची इच्छा होती. पर्सेंट वाढत गेला की तोच फटका वेगळ्या अंतरावर उडवतो, त्यामुळे शून्यावर लागणारा कॉम्बो पन्नासवर लागत नाही. मारिओवाल्यांना हे रोज भोगावं लागतं. सुरुवातीला डाउन थ्रोनंतर अपटिल्ट तीन-चार वेळा लागतो. थोड्या वेळाने तोच थ्रो फक्त अप-एअरला उपयोगी पडतो. आणखी पुढे त्यातून खात्रीचं काहीच निघत नाही. आणि नेमकं तिथेच, मारायची वेळ आली की, मारिओ अडकतो.

हात आखूड, हे मारिओचं दुखणं. आमच्या शनिवारच्या बैठकीत क्लाउड हे पात्र घेणारा एक क्लाउडवाला आणि लुसिना घेणारी एक लुसिनावाली आहे. दोन्ही पात्रांच्या हातात तलवार. मी उडी मारून आत शिरायच्या आत त्यांचा फॉरवर्ड एअर (हवेतून पुढे मारलेला फटका) माझ्या तोंडावर. लुसिना तर त्यात आणखी त्रासदायक, कारण मार्थ या दुसऱ्या तलवारबाजासारखा तिला तलवारीच्या टोकाचा हिशेब ठेवावा लागत नाही, पातं कुठूनही लागलं तरी जोर सारखाच.

यावर पहिला उपाय शील्डचा, म्हणजे बटण धरून अंगाभोवती उभ्या केलेल्या ढालीचा. अल्टिमेटमध्ये शील्ड सोडायला ११ फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रं) लागतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर हा उशीर सेकंदाच्या सहाव्या हिश्शाच्या जवळ जातो, आणि तेवढ्यात तलवारवाला परत जागेवर पोचलेला असतो. शील्डमधून थेट निघणारा मारिओचा अप-बी तिसऱ्याच फ्रेमला लागतो, गेममधल्या सर्वांत जलद उत्तरांपैकी एक. पण तो लागतो अंगाला चिकटलेल्या माणसाला. टोकाच्या अंतरावरून तलवार टेकवणाऱ्याला अप-बी केला तर मारिओ हवेत नाणं वाजवतो आणि खाली येताना मार खातो.

उरलं पॅरी, म्हणजे येणारा फटका नेमक्या क्षणी निष्फळ करणं. या गेममध्ये पॅरी शील्ड दाबताना होत नाही, सोडताना होतो. सोडल्यापासून पहिल्या पाच फ्रेममध्ये फटका आला पाहिजे. क्लाउडचा फॉरवर्ड एअर वरून खाली येतो त्याची लय एकदा कानात बसली की घरी, एकाच स्क्रीनवर, पॅरी जमायला लागतो. ऑनलाइन मात्र मी त्याचा नाद सोडला आहे. आपल्याकडून जोडलेला समोरचा खेळाडू बहुतेक वेळा परदेशात असतो, आणि दोन्ही बाजूंचं बटण थोडं उशिराच पोचतं. तिथे पाच फ्रेमची भाषा करण्यात अर्थ नाही. वायफाय सोडून लॅनची तार लावली की अडखळणं कमी होतं, उशीर काही जात नाही. ऑनलाइन मी आता फक्त चालत चालत पुढे सरकते, फटका शील्डवर घेते, आणि पुन्हा चालते. दिसायला कंटाळवाणं आहे, पण तलवारवाले मागे सरकतात. मागे सरकत सरकत त्यांच्या पाठीमागे स्टेज संपतं.

इथून कड सुरू होते.

कडेला लटकलेल्या माणसाकडे मोजकेच मार्ग असतात. सरळ वर चढणं, आत लोळण घेणं, वर उडी, चढता चढता फटका, किंवा हात सोडून खाली जाऊन दुसरी उडी. तो लटकून राहिला तर त्याचं काही क्षण फटका न लागण्याचं संरक्षण संपतं, आणि जमिनीला पाय न लावता पुन्हा कड धरली तर दुसऱ्यांदा संरक्षण मिळतच नाही. म्हणजे मोकळ्या मैदानात ज्याच्याकडे पन्नास पर्याय होते, त्याच्याकडे आता पाच आहेत, आणि माझ्या आखूड हातांचा तोटा इथे जवळजवळ संपतो, कारण तो कुठून येणार ते ठरलेलं आहे. मारिओच्या माणसाने तलवारवाल्याशी मोकळ्या मैदानात बरोबरी करायचा हट्ट धरूच नये, असं माझं आता ठाम मत आहे. त्याला कडेला न्यायचं आणि तिथेच ठेवायचं.

उभं कुठे राहायचं हा खरा अभ्यास. आधी मी कडेच्या अगदी जवळ जाऊन स्मॅश (जोराचा फटका) चार्ज करून, म्हणजे बटण धरून जोर वाढवत, बसायचे. त्यातून फक्त घाबरणारे सापडतात. आता लोळण जिथे संपते त्याच्या थोडं अलीकडे उभी राहते. ट्रेनिंगच्या स्टेजवर मागे आखलेल्या रेघा असतात, त्यांच्यावरून हे अंतर मोजून घ्या, डोळ्यांत बसेपर्यंत. तिथून एक फायरबॉल सोडायचा. तो टप्पे घेत कडेपर्यंत जातो आणि सरळ चढणाऱ्याला किंवा घाईने उडी मारणाऱ्याला अडवतो. फायरबॉलमागून मी शील्डला बोट लावून पुढे जाते. चढता फटका आला तर शील्डवर, आणि मग ग्रॅब, म्हणजे पकड. लोळण घेतली तर तो माझ्या पुढ्यातच उठतो. उडी मारली तर पाठ फिरवून बॅक एअर (हवेतून मागे मारलेला फटका). पाचही मार्ग एकदम बंद करता येत नाहीत, आणि तसा प्रयत्न केला की एकही बंद होत नाही. दोन झाकायचे, तिसऱ्यावर नजर ठेवायची.

सवयी इतक्या उघड असतात की गंमत वाटते. आमचा क्लाउडवाला शंभरीच्या पुढे गेला की हमखास लोळण घेतो. लुसिनावाली पहिल्या स्टॉकला उडी मारते आणि शेवटच्या स्टॉकला सरळ चढते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि दोघंही हे वाचत नाहीत अशी आशा आहे.

कडेबाहेरच्या मारिओकडे दोन अजब हत्यारं आहेत. एक केप. समोरून झेप घेऊन येणाऱ्याला ती उलटं फिरवते, आणि त्याची झेप त्यालाच लांब घेऊन जाते. दुसरं फ्लड, पाठीवरचा पाण्याचा पंप. फ्लडने पर्सेंट वाढत नाही, म्हणून बरेच जण त्याला विनोद समजतात. पण अप-बी संपून हतबल झालेला माणूस कडेपासून हातभर अंतरावर असतो, तेव्हा पाण्याचा एक फवारा पुरतो. एक टक्काही नुकसान न करता स्टॉक जातो, आणि समोरचा कंट्रोलर मांडीवर ठेवून छताकडे बघत बसतो. फ्लड आधी भरून ठेवावा लागतो एवढीच अट. भरायची वेळ म्हणजे समोरचा उडून लांब गेलेला क्षण, जेव्हा इतर लोक टॉन्ट (चिडवायचे हावभाव) करतात. फॉरवर्ड एअरने स्पाइक करण्याचा, म्हणजे समोरच्याला थेट खाली फेकण्याचा, मोह मी आवरला आहे. तो लागायला उशीर लावतो, आणि चुकला की मारिओच्या अप-बीची उंची परत यायला अपुरी पडते. केपने हवेत एकदा थोडं तरंगता येतं, तेवढाच आधार.

मारण्याबद्दल एक जोड. गेम तुमचे शेवटचे नऊ फटके लक्षात ठेवतो, आणि त्यातला एखादा पुन्हा पुन्हा आला की त्याचा जोर घटवत जातो. बॅक एअर हा मारिओचा सगळ्यात सोयीचा फटका, म्हणून आपण तो दिवसभर मारतो, आणि नेमका जिथे स्टॉक घ्यायचा तिथे तो पोकळ निघतो. आता बॅक थ्रो (पकडून मागे फेकणं) मी जपून ठेवते. शंभरीच्या बऱ्यापैकी पुढे, पाठ कडेला करून, एकदाच. लुसिनावालीला अजून वाटतं मी डाउन थ्रो करणार, आणि उडण्याची दिशा वळवायला धरलेली तिची स्टिक चुकीच्या दिशेला असते.

कंट्रोलरबद्दल विचारणा झाली होती. टॅप जंप (स्टिक वर ढकलली की उडी) बंद. उजव्या स्टिकवर स्मॅशऐवजी टिल्ट, कारण मारिओचा अपटिल्ट पळता पळता थांबून काढायचा असतो आणि डाव्या स्टिकने तिथे अप-स्मॅश निघून जातो. उडीची दोन बटणं शेजारी ठेवली आहेत. दोन्ही एकदम दाबली की शॉर्ट हॉप, म्हणजे छोटी उडी, न चुकता येतो. उडी आणि हल्ला एकदम दाबूनही छोटी उडी मिळते, पण मग फटका लगेच निघतो, कधी मारायचं ते आपल्या हातात राहत नाही. मी निन्टेन्डोच्या जुन्या गेमक्यूबचाच कंट्रोलर वापरते, अडॅप्टर लावून. सवय, दुसरं काही नाही.

नवव्या पातळीच्या संगणकाशी सराव मी जवळपास थांबवला आहे. तो माणसासारखा घाबरत नाही. कडेवरचा सगळा खेळ समोरच्याच्या घाबरण्यावर चालतो, त्यामुळे तिथे शिकलेलं शनिवारी कामाला येत नाही. त्यापेक्षा माझी भाची बरी. तिला फुगून उडणारा कर्बी लागतो, आयटम चालू लागतात, आणि स्मॅश बॉल (फोडला की महाफटका देणारा गोळा) दिसला की ती लढाई सोडून त्याच्यामागे धावते. कडेला लटकली की ती कधीच लगेच चढत नाही, खाली सोडते, फुगून पुन्हा वर येते, पुन्हा लटकते. "मावशी, तू का नुसती उभी?" असं वर विचारतेही. कर्बीला हवेत इतक्या उड्या असतात की माझी दोन झाकायची युक्ती तिच्यापुढे कुचकामी. त्यातूनच कळलं की जास्त उड्या असणाऱ्यांना कडेवर थांबून पकडण्यात अर्थ नाही, त्यांना वरून, उतरताना गाठायचं.

एक चांगली गोष्ट म्हणजे हा सगळा अभ्यास शिळा होत नाही. शेवटचा नवा लढवय्या सोरा १८ ऑक्टोबर २०२१ ला आला आणि लढवय्यांची संख्या ८९ वर थांबली. त्याच वर्षीच्या डिसेंबरनंतर कोणाचा जोर वाढवला किंवा घटवला गेलेला नाही. एकोणनव्वद जणांचे कडेवरचे चाळे शिकायचे म्हणजे जन्म जाईल, पण निदान अर्ध्यात कोणी नियम बदलणार नाही. माइनक्राफ्टमधला तो स्टीव्ह मात्र कडेवर ठोकळे रचून ठेवतो, आणि काही ठिकाणच्या स्पर्धांनी त्याच्यावर बंदी घातली तेव्हा मला अजिबात वाईट वाटलं नाही.

माझ्या स्वतःच्या कडेबद्दल पुढच्या वेळी. तिथे अजून गोंधळ आहे: मी लटकले की उडीच मारते, आणि आता क्लाउडवाल्यालाही ते समजलं आहे. त्याआधी सामस या पात्राचा प्रश्न सोडवायचा आहे. ती लांबून चार्ज शॉट (भरून सोडायचा ऊर्जेचा गोळा) भरत बसते आणि तिला कडेपर्यंत ढकलायलाच दोन मिनिटं जातात. केपने शॉट परतवता येतो हे माहीत आहे. पण ती तो सोडायचं नाटक करून थांबते तेव्हा तुम्ही काय करता? आणि मारिओ खेळणाऱ्यांनी हेही सांगा: फ्लड भरलेला असेल तर डाउन-बी (स्टिक खाली धरून बी) दाबलं की पाणी लगेच सुटतं. तो भरलेला ठेवून फिरता, की मुद्दाम रिकामा ठेवता?